पिवळ्याला हिरवं म्हणणार नाही

जळगावच्या गिरणाकाठ रक्तपेढीत लागल्यावर पहिल्याच महिन्यात मोनाली फिरकेने तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या कपाळावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. कुणावर हिरवी, कुणावर पिवळी, कुणावर लाल. रक्त तपासणाऱ्या मुलींना वाटलं, नवीन बाई हौशी दिसते. साफसफाई बघणाऱ्या झुंबरबाईने त्या पट्ट्यांना टिळे म्हणायला सुरुवात केली, आणि पेढीत तेच नाव रुळलं.

मोनालीला हौस कसलीच नव्हती. कॉम्प्युटर जिच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम किती भरवशाची आहे आणि तिच्या मागे कोण उभं आहे, एवढंच तिला त्या रंगांतून सांगायचं होतं. पेढीचं काम लिनक्सच्या एका जातीवर चालायचं. ती बनवणारे लोक दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढत. त्यातल्या बहुतेकींची काळजी ते नऊ महिने घेत आणि मग पुढच्या आवृत्तीकडे वळत. पण दोन वर्षांतून एकदा एक आवृत्ती अशी निघे, की जिची डागडुजी पाच वर्षं करू असा त्यांचा शब्द असे. हिरवी पट्टी या पाच वर्षांच्या शब्दाची. नऊ महिन्यांच्या पाहुणीला पिवळी. आणि जिच्यावरून बनवणाऱ्यांनी हात काढून घेतला, तिला लाल. लाल पट्टीचं मशीन बंद पडलेलं असतं असं नाही. कित्येकदा ते मस्त चालत असतं. पण उद्या त्यात भोक सापडलं, तर बुजवायला कुणी येत नाही.

हे डोळ्यांना दिसेल असं चिकटवून ठेवायची सवय तिला एका फटक्यातून लागली होती. मोनाली सावद्याची. वडील जीवराम फिरके केळीचे बागायतदार, आई बेबाबाई. फैजपूरला शिकून ती जळगावात आली आणि एका पतसंस्थेत कॉम्प्युटर बघायला लागली. तिथलं मुख्य मशीन इतकं जुनं, की त्याची दुरुस्ती येणं कधीच थांबलेलं. तिने मॅनेजरला तीनदा तोंडी सांगितलं. त्याने तीनदा मान हलवली. एके दिवशी बाहेरून कुणीतरी घुसून सगळी खाती कुलूपबंद करून टाकली, तेव्हा त्याच मॅनेजरने संचालकांसमोर सांगितलं, या मुलीने मला काहीच सांगितलं नव्हतं. मोनालीची नोकरी गेली. घरी आल्यावर बेबाबाई एवढंच म्हणाली, "तुले सांगता येते, पण ते लोकाले दिसत नाही, माय." ते मात्र मोनालीच्या डोक्यात बसलं. त्यानंतर तिने जे सांगायचं ते भिंतीवर, दारावर, मशीनच्या कपाळावर लावलं.

रक्तपेढी मांगीलालशेठनी काढलेली. दाणाबाजारातले डाळीचे जुने व्यापारी. त्यांच्या पत्नी गुलाबबाई ऑपरेशनच्या वेळी रक्त मिळायला उशीर झाला म्हणून गेल्या, आणि शेठनी दुकान भावांकडे सोपवून हे काम अंगावर घेतलं. जळगावात मुख्य पेढी, धुळ्यात दुसरी शाखा. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची मुलं रक्त घ्यायला इथे येत. कुणाला कोणता आजार, कुणाला किती वेळा रक्त दिलं, कुठलं गाव, कुणाची मुलगी, ही सगळी माहिती मोनालीच्या मशीनमध्ये होती.

सात वर्षं सुरळीत गेली. मग शेठचा नातू अखिल पुण्याहून परत आला आणि पेढीचा सचिव झाला. अखिल वाईट माणूस नव्हता, आळशी तर मुळीच नाही. पेशंटच्या नातेवाइकांनी रक्तासाठी दारोदार फिरू नये, मोबाइलवर बघूनच कळावं कुठल्या गटाची पिशवी कुठे आहे, असं त्याच्या मनात होतं. त्याने पुण्याच्या एका कंपनीकडून तसं ॲप बनवून घेतलं. ते नुकत्याच निघालेल्या आवृत्तीवरच चालायचं, जुन्या हिरव्यावर नाही.

मोनालीने त्याला समजावून सांगितलं, की ही आवृत्ती पिवळी आहे. एखाद्या वेगळ्या मशीनवर ठेवू, चालवून बघू, पेशंटची माहिती हिरव्यावरच राहू दे. पुढची पाच वर्षांवाली आली की ॲप तिच्यावर नेऊ. अखिलला हे पटलं नाही. बनवणारे तेच, ही तर उलट नवी, मग जुनी चांगली आणि नवी कच्ची हे कुठलं शास्त्र, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, चांगल्या-वाईटाचा प्रश्नच नाही. कोण किती दिवस सांभाळणार आहे, प्रश्न तेवढाच आहे. अखिलने ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं बोलावून मुख्य मशीनवर नवी आवृत्ती चढवली. मोनालीने त्याच संध्याकाळी हिरवी पट्टी काढून तिथे पिवळी लावली.

खरी ठिणगी पडली ती नंतर. पेढीला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं आणि त्याच्या अर्जात एक रकाना होता: मुख्य यंत्रणेचा दर्जा. कंपनीच्या माणसाने त्यात लिहून दिलं होतं, स्थिर, दीर्घ मुदतीच्या सपोर्टसह. खाली सही मोनालीची हवी होती.

तिने अर्ज वाचला आणि परत अखिलच्या टेबलावर ठेवला.

"हे खरं नाही, अखिलभाऊ."

"ताई, चालतंय ना व्यवस्थित?"

"चालतंय. पण चालतंय म्हणजे स्थिर नाही. आणि दीर्घ मुदत तर नाहीच. नऊ महिन्यांची आहे, तसं लिहा. मी आत्ता सही करते."

अखिल म्हणाला, नऊ महिने लिहिलं तर तपासायला येणारे शंभर प्रश्न विचारतील. मोनाली म्हणाली, विचारूच देत. तो म्हणाला, एका शब्दाने काय बिघडतं. तिने अर्जातल्या त्याच शब्दावर बोट ठेवलं. शेवटी अखिलने सांगितलं की तुमच्या सहीवाचून अडणार नाही. अडलंही नाही. कंपनीच्या माणसानेच सल्लागार म्हणून सही केली. प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत घालून दाराशी लावलं गेलं, आणि त्या दिवशी मुख्य मशीनवरची पिवळी पट्टी कुणीतरी खरवडून काढली होती. मोनालीने दुसरी लावली. तीही निघाली. तिने तिसरी लावली, जरा मोठी.

मग तिला रक्तदान शिबिरांच्या कामाला लावलं. मुख्य मशीनची जबाबदारी कंपनीकडे, आणि मोनालीने पाचोरा, एरंडोल, मुक्ताईनगर असं गाडीतून फिरत रक्तदात्यांची नावं टिपून घ्यायची. हे कामावरून काढणं नव्हतं, पण काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. ती गेली. पहाटेच्या गाडीने जायची, मंगल कार्यालयात टेबल मांडून बसायची, कॉलेजच्या पोरांना बिस्किटाचे पुडे वाटायची. पण शिबिर नसेल त्या दिवशी पेढीत आल्यावर पर्स ठेवायच्या आधी मशीनपाशी जाऊन पट्टी जागेवर आहे का ते बघायची. नवरा ललित ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात कामाला. तो तिला म्हणाला, तू दुसरीकडे बघ, तुझ्यासारखीला जळगावात नोकऱ्या कमी नाहीत. ती म्हणाली, मी गेले की उद्या ती पट्टी निघेल. यावर तो हसला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट ही होती, की नवी आवृत्ती बिघडलीच नाही. ॲप झकास चाललं. सावद्याहून, चोपड्याहून लोक मोबाइलवर बघून यायचे आणि अखिलचं नाव घ्यायचे. मोनालीलाही ते ॲप आवडलं होतं, आणि तसं तिने अखिलला सांगितलंही. त्याला वाटलं बाई नरमली. त्याने हसत विचारलं, मग आता तरी हिरवी लावणार का. ती म्हणाली, "ॲप चांगलं आहे. पट्टी पिवळीच राहील." पेढीत तिची थट्टा व्हायला लागली. धुळे शाखेच्या डिंपलताई, तिथल्या प्रमुख, फोनवर म्हणायच्या की तुझं पिवळं आमच्या हिरव्यापेक्षा जोरात पळतंय ग. धुळ्याचं मशीन मात्र त्यांनी बदलू दिलं नव्हतं. त्यांना त्यातलं फार कळत होतं असं नाही. मोनालीने लावलेलं मोनालीच काढेल, असं त्यांनी कंपनीच्या माणसाला सांगून टाकलं होतं.

नऊ महिने संपले तेव्हा उन्हाळा लागला होता. मोनालीने पिवळी काढून लाल पट्टी लावली आणि अखिलला जाऊन सांगितलं. अखिलने कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, पुढच्या आवृत्तीवर आमचं ॲप अजून बसत नाही, दीड-दोन महिने थांबा. म्हणजे मागे जाता येईना, पुढे जाता येईना. सपोर्ट नसलेल्या मशीनवर हजारो माणसांचे आजार आणि त्यांचे पत्ते, आणि ते मशीन ॲपसाठी चोवीस तास बाहेरच्या जगाला जोडलेलं.

तीन आठवड्यांनी बातमी आली. त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक मोठं भोक सापडलं होतं. बाहेरच्या माणसाला त्यातून सरळ आत येता यावं असं. ज्या आवृत्त्यांना सपोर्ट होता त्यांची दुरुस्ती त्याच दिवशी आली. धुळ्याचं मशीन मोनालीने जळगावात बसून चहा गार व्हायच्या आत दुरुस्त केलं. मुख्य मशीनसाठी काहीच आलं नव्हतं, आणि येणार नव्हतं.

ती अखिलकडे गेली. मशीन बाहेरच्या जोडणीवरून काढू या, पेढीच्या आतल्या आत चालू दे, म्हणाली. अखिलपुढे पेढीच्या वर्धापनदिनाची पत्रिका पडली होती. चार दिवसांवर कार्यक्रम, बाहेरगावचे पाहुणे, पडद्यावर ॲप दाखवायचं. तो म्हणाला, चार दिवसच तर आहेत, कार्यक्रम होऊ द्या. जगात लाखो मशीनं आहेत, चोराला आपलंच सापडणार आहे का.

मोनाली तिथून उठली, सर्व्हरच्या खोलीत गेली आणि बाहेर जाणारी निळी वायर उपसून काढली. तेवढ्यावर थांबली नाही. वायर गुंडाळून पर्समध्ये घातली आणि बाहेर येऊन काउंटरवरच्या मुलींना सांगितलं, की ॲप बंद झालंय, कुणी विचारलं तर मी बंद केलंय म्हणून सांगा.

अखिल दहा मिनिटांत खाली आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज त्याने चढू दिला नाही.

"वायर लावा, ताई."

"नाही लावणार."

"हा माझा हुकूम आहे."

"तुम्ही दुसरी आणून लावू शकता. मी अडवणार नाही. पण लावणारा हात तुमचा असेल, आणि मशीनवर काय रंगाची पट्टी आहे ते बघून लावाल."

अखिलने मशीनकडे पाहिलं. बाजारात वायर मिळत होती, गाडी दाराशी होती. तो शेठजींना फोन लावायला बाहेर गेला. वायर त्याने लावली नाही. ती का लावली नाही, हे मोनालीने त्याला कधी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस पेढीचं काम फोनवर चाललं. लोक ॲप उघडत, ते उघडेना, मग काउंटरवर येऊन भांडत. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या वरच्या पाड्यावरून भिकुबाई आली. तिची सिकलसेलची दहा-बारा वर्षांची मुलगी जळगावच्या सरकारी दवाखान्यात दाखल होती, अंग ठणकून कळवळत. तिला ओ निगेटिव्ह हवं होतं. जळगावात नव्हतं. धुळ्यात होतं, आणि ॲप चालू असतं तर चोपड्यातूनच कळलं असतं, पिशवी आधीच निघाली असती. मोनालीने डिंपलताईंना फोन केला. त्यांनी पिशवी बर्फाच्या पेटीत घालून गाडी पाठवली. ड्रायव्हर निघताना फोनवर म्हणाला, "पेटी बराबर शे ताई, तुम्ही घोर करू नका." पण पारोळ्याजवळ रस्त्याचं काम चाललेलं, वाहनं अडकलेली, आणि गाडी पोचायला दुपार टळली.

तेवढा वेळ मोनाली भिकुबाईशेजारी बाकावर बसून होती. उशीर का झाला हे तिने लपवलं नाही. वायर मी काढली, म्हणाली. तुमच्या मुलीचं नाव, तिचा आजार, तुमचं गाव बाहेर कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून काढली. भिकुबाई शांतपणे ऐकत होती. आजार गावभर झाला तर काय होतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न याच आजाराच्या कुजबुजीने मोडलं होतं. तरी ती म्हणाली, "नाव राखलं ते ठीक. पण पोरगी सकाळपासून रडतेय, ते तुम्ही नाही रडलात." उशीर झाला त्याचं मला वाईट वाटतं, मोनाली म्हणाली. पिशवी आली, तपासून दवाखान्यात गेली, रात्रीपर्यंत पोरीला उतार पडला. भिकुबाई जाताना मोनालीशी बोलली नाही.

वर्धापनदिनाचा पडदा गुंडाळून ठेवला गेला, आणि त्या आठवड्यात शेठजींनी सगळ्यांना बोलावलं. मांगीलालशेठ आता ऐंशीच्या पुढचे, हळू बोलणारे. ट्रस्टची चार माणसं, अखिल, कंपनीचा माणूस, आणि समोरच्या खुर्चीत मोनाली. कंपनीच्या माणसाने सांगितलं, आम्ही सगळं तपासलं, आत कुणीही आलेलं नाही. त्याचा रोख सरळ होता. बाईने काही कारण नसताना पेढी बंद पाडली.

शेठजींनी तिला विचारलं, "वायर लावलेली असती, तर चोर आला असता का?"

"माहीत नाही."

"मग कशासाठी केलं?"

"दार मोडलं होतं, शेठजी. सुतार येणार नव्हता. आता चोर आला असता की नाही हे कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. म्हणून मी बरोबर होते असंही मी म्हणणार नाही. पण उद्या असंच झालं, तर मी पुन्हा काढेन."

एका ट्रस्टीने तिला सांगितलं की झालं ते झालं, परवानगीवाचून केल्याबद्दल माफी लिहून द्या आणि विषय संपवा. पेढीतल्या सगळ्यांना वाटत होतं, आता ती देईल. आदल्या दिवशी फोनवर आईनेही तेच सांगितलं होतं, एक कागद लिहून द्यायले काय जाते. मोनाली म्हणाली, परवानगी घेतली नाही हे खरं आहे, त्याची शिक्षा द्या, मी घेईन. पेशंटला उशीर झाला त्याचं मला वाईट वाटतं, ते मी त्या बाईंना तोंडावर सांगितलंय. पण वायर काढली याची माफी मी लिहिणार नाही. आणि प्रमाणपत्राच्या अर्जात जे लिहिलंय, ते आधी दुरुस्त करा.

शेठजींनी अखिलकडे पाहून विचारलं, अर्जात काय लिहिलंय. अखिलने सांगितलं. काही गाळलं नाही, कंपनीवर ढकललं नाही. सही दुसऱ्याची असली तरी लिहू मीच दिलं, म्हणाला. आजोबांपुढे हे बोलायला त्याला जड गेलं असणार, पण तो बोलला.

निकाल असा लागला, की मोनालीच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली आणि तिची त्या वर्षीची बढती थांबली. तिने ताकिदीवर सही केली आणि सहीखाली लिहिलं, मिळाली, मान्य नाही. प्रमाणपत्र देणाऱ्यांना खरं कळवलं गेलं. त्यांनी ते सहा महिने स्थगित ठेवलं, आणि दाराशी टांगलेली काचेची चौकट उतरली. मुख्य मशीन पुन्हा पाच वर्षांवाल्या आवृत्तीवर आणायचं काम मोनालीकडे आलं. ॲप तिच्यावर बसेना, तेव्हा ते एका वेगळ्या मशीनवर ठेवलं. त्यात फक्त गट आणि पिशव्या, कुणाचंही नाव नाही. हे सुचलं अखिलला. मोनालीने ते ऐकून, चांगलं आहे, एवढंच म्हटलं, आणि तिच्याकडून तेवढं म्हणजे खूप होतं हे अखिलला एव्हाना कळायला लागलं होतं.

भांडणं काही संपली नाहीत. पुढच्या वर्षी चोपड्यात तिसरी शाखा उघडायची ठरली, मुख्यतः पाड्यांवरच्या पेशंटांना जळगाव गाठावं लागू नये म्हणून. तोवर पुढची पाच वर्षांची आवृत्तीही निघाली होती आणि ॲप तिच्यावर चालत होतं. अखिलला आता अडचण दिसत नव्हती. मोनालीला दिसत होती. पाच वर्षांची झाली तरी ताजी निघालेली आहे, म्हणाली, हिची पहिली मोठी दुरुस्ती येऊ दे, मी धुळ्यात एका कोपऱ्यातल्या मशीनवर चालवून बघते आहे, मगच पेशंटची माहिती हिच्यावर चढवेन. अखिलने उद्घाटनाची तारीख दिलेली. जळगाव ते चोपडा सबंध रस्ता दोघं गाडीत वाद घालत गेले.

उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, शीतपेट्या सुरू झाल्या, पहिल्या दिवशी काही पिशव्या दिल्याही गेल्या. नोंदी रजिस्टरमध्ये हाताने होत होत्या. टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर होता, स्क्रीन काळी. एक पाहुणे त्याच्यापाशी थांबले आणि त्यांनी अखिलला विचारलं, हे बंद का, वीज नाही का.

अखिलने भिंतीशी उभ्या असलेल्या मोनालीकडे पाहिलं.

"वीज आहे," तो म्हणाला. "आमच्या ताईंनी अजून हो म्हटलेलं नाही."

पाहुणे हसले. मोनाली हसली नाही. आणखी तीन आठवडे तिने हो म्हटलंच नाही.